पायजम्यातले पत्रकार

पत्रकार कोण आणि बिगरपत्रकार कोण, हे ओळखण्याची आमच्या वेळी एक सोपी खूण होती. एसटीच्या कंडक्टरपुढे जो पैशांऐवजी कार्ड धरतो, तो पत्रकार. त्या कार्डाचं सरकारी नाव 'अधिस्वीकृतिपत्रिका'. हा शब्द एका दमात म्हणता आला की निम्मी पत्रकारिता आली, असं समजायला हरकत नसे. उरलेली निम्मी चहाबरोबर येई. मी स्वतः बत्तीस वर्षं एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. कार्ड माझ्याकडेही होतं. त्यावरचा फोटो लग्नाच्या आल्बममधून कापून घेतलेला असल्यामुळे कंडक्टर आधी फोटोकडे बघे, मग माझ्याकडे बघे आणि म्हणे, "काका, मुलाचं कार्ड चालत नाही."

तरीही त्या कार्डाचा मला अभिमान होता. म्हणून २००७ साली आमच्या मेहुण्यांनी "दाजी, मीपण आता पत्रकार झालो बरं का," असं जाहीर केलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कार्ड कुठाय?"

मेहुणे म्हणजे आमच्या सौ.चे धाकटे बंधू. सरकारी खात्यात हिशेबतपासनीस म्हणून जन्म काढला आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. ज्या माणसाने सारी हयात दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शाईने 'खुलासा करावा' असं लिहिण्यात घालवली, त्याला घरी बसल्यावर खुलासा मागायचा कोणाकडे, हा मोठाच प्रश्न असतो. काही दिवस त्यांनी बायकोच्या भाजीच्या हिशेबावर भागवलं. तेव्हा त्या माउलीनेच मुलाचा जुना संगणक त्यांच्यापुढे ठेवला आणि "गावाचा हिशेब बघा, माझा सोडा" असं सुचवलं. त्यातून त्यांचा ब्लॉग जन्माला आला. ब्लॉगला मराठीत 'अनुदिनी' म्हणतात, ही माहिती मला त्यांनीच पुरवली. अनुदिनी म्हणजे रोजची. मेहुणे आठवड्यातून एकदा लिहीत, त्यामुळे ती वास्तविक साप्ताहिकी होती. पण उत्साहाच्या भरात असलेल्या माणसाला व्याकरण सांगू नये.

विषय एकच. गावचं राजकारण. पोशाखही एकच. लेंगा आणि बनियन. सकाळी अंघोळ व्हायच्या आधी ते लिहायला बसत आणि लिहून झालं की दूध तापवायला उठत. आम्ही पेपरवाले या मंडळींकडे कोणत्या नजरेने बघत होतो म्हणाल, तर लग्नातला आचारी घरी पोहे करणाऱ्या नवऱ्याकडे ज्या नजरेने बघेल, त्या. करतो बिचारा. खपवून घ्यावं. पण त्याला पंगत वाढायला सांगू नये.

ही नजर आमच्याच गावची होती असं मात्र समजू नका. ती थेट अमेरिकेतून आली होती, आणि गंमत म्हणजे तिथेही मामला पायजम्यावरच येऊन ठेपला होता.

झालं होतं असं. ८ सप्टेंबर २००४ रोजी, म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक जेमतेम दोन महिन्यांवर असताना, सीबीएस या बलाढ्य वाहिनीने काही कागद दाखवले. १९७२-७३ सालचे म्हणून. तरुणपणी नॅशनल गार्डमध्ये असताना जॉर्ज बुश यांनी आपलं कर्तव्य नीट बजावलं नाही, असं त्यांच्या तेव्हाच्या वरिष्ठाने लिहून ठेवल्याचे ते कागद. कागद सादर करणारे डॅन रादर. म्हणजे त्यांनी रात्र झाली म्हटलं की अमेरिकेने दिवे लावावेत, असा माणूस. आणि त्याच रात्री कुणीतरी घरबसल्या शंका काढली की हे टायपरायटरवरचं अक्षर वाटत नाही हो!

हा माझा फार आवडता प्रसंग आहे, कारण तो अक्षरांच्या खिळ्यांचा आहे. साध्या टायपरायटरवर प्रत्येक अक्षराला जागा सारखी. इंग्रजीतला काडीसारखा 'आय' असो की पैलवानासारखा 'एम' असो, दोघांनाही एकच पाट. संगणकावर तसं नसतं. तिथे ज्याचं जेवढं अंग, तेवढा त्याचा पाट. त्या कागदांवर काडी काडीच्या जागेत बसली होती आणि पैलवान पैलवानाच्या. एका ब्लॉगवाल्याने तर तोच मजकूर आपल्या घरच्या संगणकावर, काहीही न बदलता, टंकून काढला. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, तर जुळ्या भावंडांसारखे दिसले.

तेव्हा सीबीएसच्या एका माजी अधिकाऱ्याने, जोनाथन क्लाइन यांनी, टीव्हीवर येऊन फरक समजावून सांगितला. एकीकडे तपासणीवर तपासणी करणारी आमची वाहिनी, आणि दुसरीकडे आपल्या दिवाणखान्यात पायजमा घालून बसलेला एक इसम! आता पायजमा हा शब्द आपल्याकडून तिकडे गेलेला. तो असा शिवी होऊन जगभर फिरेल असं त्या शब्दाला स्वप्नातही वाटलं नसेल. पण पायजमेवाले चतुर. त्यांनी ती शिवी बिल्ल्यासारखी छातीवर लावली. २० सप्टेंबरला सीबीएसने दिलगिरी व्यक्त केली. पुढे जानेवारी २००५ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल आला. कागद खोटेच होते असा निवाडा समितीने दिला नाही. पण ते खरे आहेत याची खात्री करून न घेताच दाखवले, हे मात्र स्पष्ट सांगितलं. एका निर्मातीची नोकरी गेली, तिघा वरिष्ठांना राजीनामे द्यायला सांगण्यात आलं आणि मार्चमध्ये रादरसाहेबांनी बातम्यांची खुर्ची सोडली. 'टाइम' साप्ताहिकाने 'पॉवर लाइन' या ब्लॉगला वर्षातला ब्लॉग ठरवलं.

हे वाचून मेहुण्यांनी एक नवा लेंगा शिवून घेतला.

मी त्यांना त्याच वर्षीची दुसरी गोष्ट ऐकवली. २ नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी, भरदुपारी काही ब्लॉगवाल्यांनी मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीचे कच्चे आकडे फोडले. त्यात केरी पुढे. लोकांनी आनंद केला, शेअरबाजारही दचकला. आणि निवडून आले बुश! पेपरवाल्यांकडेही ते आकडे होते. त्यांनी ते दाबून ठेवले, कारण कच्चा आकडा म्हणजे कच्चा फणस, हातालाच चिकटतो. "बघा," मी मेहुण्यांना म्हटलं, "खिळे ओळखणं वेगळं आणि कळ काढणं वेगळं. तुमच्याकडे उपसंपादक नसतो. 'हे आज नको' म्हणणारा माणूस तुमच्या घरात नाही."

"आहे की," मेहुणे म्हणाले. "पण ती ब्लॉग वाचत नाही."

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा मुद्दा टाळता आला असता तर मी हा लेख अमेरिकेतच संपवला असता.

२००८ साली मेहुण्यांनी माहितीच्या अधिकारात आमच्या नगरपालिकेतून एका गटाराची मोजमाप पुस्तिका मिळवली. हिशेबतपासनिसाच्या हाती मोजमाप पुस्तिका म्हणजे मांजराच्या हाती दुधाचं पातेलं. त्या पुस्तिकेप्रमाणे गटार बांधून झालं होतं, बिल दिलं गेलं होतं, आणि आठ महिन्यांनी तेच गटार पुन्हा बांधून पुन्हा बिल दिलं गेलं होतं. शिवाय रस्ता होता १८० मीटरचा आणि गटार २४० मीटरचं. "दाजी," मेहुणे म्हणाले, "रस्ता संपल्यावर हे गटार साठ मीटर जातं कुठं? देवदर्शनाला?"

मी ती बातमी आमच्या पेपरात नेली. वरिष्ठांनी वाचली, हसले, आणि "जागा नाही" म्हणाले. त्याच अंकात त्याच ठेकेदाराच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात होती. म्हणजे जागा नव्हती हे अगदीच खोटं नव्हतं. मी पुढे काही बोललो नाही. उपसंपादकाचा अर्धा पगार मजकूर कापण्यासाठी असतो आणि अर्धा न बोलण्यासाठी.

मेहुण्यांनी मग ती ब्लॉगवर लिहिली. पुस्तिकेची पानं लावली. गावात बोभाटा झाला. चहाच्या टपरीवर लोक "साठ मीटर" म्हणून एकमेकांना टाळ्या देऊ लागले. बातमी एवढी पिकल्यावर आमच्याही पेपराला जागा सापडली. एका रात्री माझ्या टेबलावर मजकूर आला : 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मी वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीत 'सदरहू गटार' भेटलं. आमच्या कोणत्याही प्रतिनिधीला सदरहू लिहिता येत नसे. हा माझ्या मेहुण्यांचा सदरहू होता! पुढे एका वाक्यात ठेकेदार हा नगरसेवकांचा मेहुणा असल्याचं म्हटलं होतं, तेही जसंच्या तसं. मी मथळा दिला, दोन कॉलमी चौकट केली आणि अंक छपाईला सोडला. मेहुण्यांचं नाव घाला, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात चहा आला.

पंधरा दिवसांनी वकिलाची नोटीस निघाली. पेपरला नव्हे; पेपरला नोटीस देऊन वाढदिवसाची जाहिरात कुठे द्यायची? ती आली मेहुण्यांना. दहा लाखांची अब्रू गेल्याचं तीत म्हटलं होतं. मुख्य आक्षेप गटारावर नव्हताच. आक्षेप असा की आमचे अशील सदरहू नगरसेवकांचे मेहुणे नसून साडू आहेत.

मेहुण्यांनी चौकशी केली. खरंच साडू निघाले. त्याच दिवशी त्यांनी ब्लॉगच्या अगदी माथ्यावर, ठळक अक्षरात, लिहिलं : 'ठेकेदार हे नगरसेवकांचे मेहुणे असल्याचे आम्ही म्हटले होते. ते साडू आहेत. या चुकीबद्दल आम्ही दोघांची आणि दोघांच्या सौभाग्यवतींची क्षमा मागतो. गटाराची लांबी मात्र तपासली असता तेवढीच भरली.' आमच्या पेपरात मेहुणा तो मेहुणाच राहिला. आजतागायत.

मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. लेंगा नव्हता, पँट होती, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं. "दाजी, एवढं लिहून द्या," म्हणाले. "तुमच्या पेपरानेही हे छापलं आणि माझ्याकडून घेऊन छापलं. वकील म्हणतात, उपयोग होईल."

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. ग्रॅच्युइटी, मुलीचं लग्न, घराचा शेवटचा हप्ता, हे सगळे त्या क्षणी माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "बघतो." मराठीत 'बघतो' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मेहुण्यांना सांगावं लागलं नाही. ते उठले. जाताजाता एवढंच म्हणाले, "दाजी, १८८२ साली काय झालं होतं माहितेय ना?"

माहीत होतं. आमच्या कचेरीत टिळकांची तसबीर होती आणि दर १ ऑगस्टला तिला हार असे. केसरी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा केसरी आणि मराठा या पत्रांनी कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर झोड उठवली. आधार होता काही पत्रांचा. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली! म्हणजे सीबीएसने २००४ साली जे केलं, ते आमच्या दोन थोर संपादकांनी एकशे बावीस वर्षं आधी केलं होतं. तेही तिशीच्या आतल्या वयात आणि देशाच्या कळवळ्यापोटी. त्यांनी माफी मागितली. तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, पैकी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना तेव्हा कोणी 'अधिस्वीकृती आहे का' असं विचारलं असतं, तर काय दाखवलं असतं त्यांनी? सरकारच्या दृष्टीने ते दोघे शाळामास्तर होते. मास्तरकी सांभाळून लिहिणारे दोन पोरगेलेसे हौशी! सुटले तेव्हा लोकांनी सत्कार केला. चूक केली नाही म्हणून नव्हे. चूक कबूल केली, किंमत मोजली आणि पुन्हा लिहायला बसले म्हणून.

विश्वासार्हता म्हणतात ती हीच असावी असं मला आता वाटतं. ती कार्डावर नसते आणि पायजम्यात तर नसतेच नसते. कागद तपासला का, चुकलं तर कुठे सांगितलं (माथ्यावर की सातव्या पानाच्या तळाशी), आणि दुसऱ्याचं घेतलं तर नाव दिलं का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि मोकळं व्हावं. या परीक्षेत पुष्कळ ब्लॉगवाले नापास होतील. ऐकीव ते लिखित करणारे, निनावी राहून दुसऱ्याची अब्रू वाटणारे, समोरच्याला एक फोनही न करणारे मी ढिगाने पाहिले. पण मग आमच्या रात्रपाळीचंही प्रगतिपुस्तक उघडावं लागेल. ब्लॉगवाल्याला उपसंपादक नसतो आणि पेपरवाल्याला मालक असतो. व्यंग दोघांतही आहे.

आणि दोघे एकत्र आले की काय होतं, याचाही दाखला आहे. अमेरिकेत जॉश मार्शल यांच्या 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या ब्लॉगने २००७ साली सरकारी वकिलांच्या बडतर्फीचं प्रकरण लावून धरलं. गावोगावच्या पेपरांत सुट्या सुट्या आलेल्या बातम्या त्यांनी एका दोऱ्यात ओवल्या. सरकारने मध्यरात्रीच्या सुमारास सुमारे ३००० पानं अंगावर टाकली, तेव्हा त्यांनी ती वाचकांतच वाटून दिली : तुम्ही पन्नास वाचा, तुम्ही पन्नास वाचा. मेहुण्यांसारखे किती हिशेबतपासनीस त्या रात्री जागले असतील, कल्पना करा. ऑगस्टमध्ये अॅटर्नी जनरलनी राजीनामा जाहीर केला आणि पुढच्या वर्षी ब्लॉगला पत्रकारितेतला मानाचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला.

राहिला वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रश्न. आम्ही पेपरवाले हा शब्द असा उच्चारतो, की जणू तो आमच्या वडिलांनी आमच्या नावे केलेला वाडा आहे. पण राज्यघटना उघडून पाहा. कलम १९ मध्ये 'वृत्तपत्र' हा शब्दच नाही. घटना समितीत याबद्दल तक्रार झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की सामान्य नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नाही. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीने घेतली नाही, असं त्यांच्या चरित्रात नमूद आहे. जागा नव्हती म्हणे! दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाने दार सगळ्यांसाठी ठेवलं, यात नवल नाही.

म्हणजे आमचा वाडा वगैरे काही नाही. सार्वजनिक विहीर आहे. आणि विहिरीवर पहिला दगड नेहमी बिनकार्डाच्या माणसाच्या घागरीवर पडतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल आणि त्या आवडल्याचं कळवल्याबद्दल अटक झाली. त्या रात्री मेहुण्यांच्या घरचा मोडेम तांदळाच्या डब्यात गेला. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पण तोवर ते कलम फक्त 'त्या ब्लॉगवाल्यांचं' आहे असं समजून आम्ही पेपरवाले निवांत होतो.

माल्टा नावाच्या चिमुकल्या देशात डॅफ्नी कारुआना गालित्सिया नावाची बाई होती. पेपरात स्तंभ लिही. पण सत्ताधाऱ्यांची झोप उडवली ती तिच्या ब्लॉगने. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी दुपारी तिने शेवटची नोंद लिहिली, गाडीत बसली, आणि गाडीत बॉम्ब होता. छत्तीसगडमधल्या बिजापूरला जानेवारी २०२५ मध्ये मुकेश चंद्राकर या तरुणाचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला. तो वाहिनीलाही बातम्या देई आणि स्वतःची यूट्यूब वाहिनीही चालवी. त्याने रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार उघड केला होता, आणि ठेकेदाराला अटक झाली. ही पत्रकार की ब्लॉगवाली, हा प्रतिनिधी की यूट्यूबवाला, हा काथ्याकूट आपण करत बसतो. मारणारा करत नाही. त्याला नक्की कळतं, कोण लिहितंय ते. डॅफ्नी गेल्यावर अठरा वृत्तसंस्थांच्या पंचेचाळीस पत्रकारांनी तिचं अपुरं काम हाती घेतलं. त्यात कोणी 'जागा नाही' म्हणालं नाही, आणि तिचं नाव त्या कामाच्या माथ्यावर होतं.

मेहुण्यांच्या नोटिशीचं पुढे काही झालं नाही. साडू हे साडूच आहेत असं कबूल केल्यावर वकिलाकडे गटारच उरलं, आणि ते कोर्टात मोजून घेण्याची अशिलाची तयारी नव्हती. मी २०१० साली निवृत्त झालो. आता दर रविवारी सकाळी मी मेहुण्यांकडे जातो आणि त्यांचा मजकूर वाचून देतो. दोघेही लेंग्यात. 'सदरहू' मी कापतो, ते परत घालतात. 'समोरच्याला फोन केला का?' हा प्रश्न मी विचारतो, आणि ते कुरकुरत फोन उचलतात. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. न काढणं हेच फार लागतं.

म्हणून तेव्हा लिहून द्यायचं राहिलं, ते इथे माथ्यावर नाही तरी निदान ठळकपणे लिहून देतो. खुलासा : २००८ साली आम्ही छापलेली गटाराची बातमी 'आमच्या प्रतिनिधीकडून' आलेली नव्हती. ती आमच्या मेहुण्यांच्या ब्लॉगवरून, त्यांना न विचारता, नाव न देता घेतली होती. मथळा माझा होता. मला ठाऊक होतं.

हा लेख मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला, आणि खिशातलं लाल पेन काढून खाली लिहिलं : 'खुलासा मान्य. विलंबाचे कारण समाधानकारक नाही. चहा घेऊन जावे.'